ओळंबा धुराड्यात

बू मिशारी म्हणाला, वजार उघडायचाय.
मला ऐकू आलं, बाजार.
साबू हसला. मग म्हाताऱ्यानं दिवाणखान्याच्या भिंतीतलं
ते लिंपलेलं तोंड दाखवलं:
पिवळ्या रंगाचे थरावर थर,
आणि गालिचा थेट भिंतीला भिडलेला.

पोरं म्हणतात, संगमरवर लाव, आत विजेचा खोटा जाळ.
मला खरा हवा.
जहरातली जानेवारी म्हणजे वाळवंटाचा वारा,
हाडं मोजून घेतो.

आधी गालिचा गुंडाळायला लावला.
चुलीपुढे दीड हात दगड हवाच.
ठिणगी उडताना कुणाला विचारत नाही.

मडकं वाजवून घ्यावं तशी भिंत घेतली वाजवून.
बद्द, बद्द, बद्द,
मग एकदम पोकळ.
गिलाव्यामागं करडा केसाळ पत्रा.
साबूनं हात घातला, मी ओरडलो.

हा पत्रा मला माहीत आहे.
मामा बारा वर्षं अशाच पत्र्याच्या कारखान्यात होता,
शेवटी पायरी चढताना
मधेच थांबून आभाळाकडे बघायचा, हवा तिथं असल्यासारखी.
पाणी मारलं, प्लास्टिक टाकलं, दार लावलं.
ज्यांचं ते काम त्यांना बोलावलं.
पांढऱ्या पोशाखातली माणसं चौथ्या दिवशी आली.
मुकादम तंडला. चार दिवसांची मजुरी बुडाली.
बुडू दे.

आत तुळईचं एक टोक
थेट धुराच्या वाटेत आलेलं,
काळं, सुरकुतलेलं, खारकेसारखं.
किती हिवाळे ते पेट घ्यायचं ठरवत होतं कोण जाणे.
वीतभर मागं कापलं, मधे वीट बांधली.

मग गच्चीवरून ओळंबा सोडला.
सहा हात सरळ गेला
आणि मऊ कशावर तरी टेकला.
कबुतराचं घरटं असणार, साबू म्हणाला.
आकड्यानं ओढलं तर गोणपाट.
तांदळाची गोणी, घट्ट कोंबलेली,
तोंडाला सुतळी,
आणि सुतळीला लहान हाताची गाठ, नुसता गुंता.

बू मिशारीनं ती गोणी माझ्या हातून घेतली.
बराच वेळ गाठ सोडवत बसला. सुटली नाही.

धुळीचं वादळ होतं, म्हणाला. आईला खोकला.
मी नऊ वर्षांचा. गच्चीवर चढलो, कोंबली.
कुणाला सांगितलं नाही, शाबासकी उद्या मिळेल म्हणून.
फर्राज कॉफी करायचा आमच्याकडे.
थंडी होती. निखारे ठेवून तो इथंच झोपला.
फुललेल्या कोळशाला धूर नसतो.
वास नसतो.
सकाळी सगळे म्हणाले, अल्लाची मर्जी.
मीही म्हणालो.

माझं अरबी म्हणजे सिमेंट, वाळू, उद्या, पैसे.
यासाठी त्यात शब्द नव्हता.
मी थापी धुतली. आधीच धुतलेली होती.

नंतरचे दिवस नुसतं काम.
भट्टीची वीट, भट्टीचाच मसाला;
साधं सिमेंट आचेला तडकतं,
आणि वाडीतले गोल गोटे, दिसायला गोजिरे,
पोटात पाणी धरतात, तापले की फुटतात.
पोरांना तेच हवे होते. नाही बसवले.
आईनं मांडलेल्या चुलीला वैल होता, भानवस होती.
इथं दल्ल्यांसाठी मी ओटा काढला,
मनात त्याला भानवसच म्हटलं.
भिंतीवर विषारी वायू ओळखणारी ती पांढरी डबी.
तिचं बटण म्हाताऱ्यानं सात वेळा दाबलं.
सातही वेळा ती किंचाळली.

मसाला सुकेपर्यंत दहा दिवस काडीसुद्धा नाही.
मग तीन काटक्या, एक कागद.
खिडकी बोटभर उघडी ठेवा, मी सांगितलं.
त्यानं सताड उघडली, दोन्ही झडपा,
आणि स्वतः गच्चीवर गेला. धरू दिलं नाही.

धूर तोंडाशी आला. घुटमळला.
खोलीत वळतो की काय म्हणून साबूनं श्वास धरला,
मीही.
मग कुणी वरून दोर ओढावा तसा
तो मागं फिरला, सरळ झाला.

आणि धुराड्यातून, विटांना घासत,
म्हाताऱ्याचा आवाज खाली आला:
निघाला.
निघाला रे, निघाला.