सी फॉर्म

चौतीस वर्षं मी जी-उत्तर वॉर्डात
जन्माच्या नोंदी लिहिल्या.
माहीम, धारावी, दादर.
मुलगा की मुलगी, तारीख, ठिकाण, आईबापाची नावं.
बाळाचं नाव ठरलं नसेल तर जागा कोरी सोडायची,
मागून भरता येतं.
खाडाखोड चालायची नाही.
चुकलंच तर समासात दुरुस्ती, शेजारी साहेबांची सही.
काही बाप पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून जायचे.
मी घेत असे. खोटं कशाला सांगू.

आज समोरच्या फर्नांडिसांच्या पोराला बसवून
लॅपटॉपवर तो फॉर्म भरतोय,
घरी कुणी परदेशी उतरलं की
यजमानानं चोवीस तासांत भरायचा असतो तो.

परदेशी सध्या मोरीत आहे.
बादलीत एकेक चमचा बुडवतेय.

वय दोन वर्षं चार महिने.
राष्ट्रीयत्व कॅनडा.
जन्म एडमंटन,
जिथे म्हणे श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतात.

असं व्हायचं नव्हतं.
केतकीनं वकिलातीचे कागद जमवायला घेतले होते,
वर्षाच्या आत नोंदवलं की मूल आपलं.
पण ऑक्टोबरात कुमुदचे रिपोर्ट आले
आणि डॉक्टर दिवाळीबद्दल काही बोलेनात.
तिथला पासपोर्ट चार दिवसांत मिळत होता.
आपल्याला किती लागतील, कुणी सांगेना.
केतकी फोनवर म्हणाली,
बाबा, हा घेतला तर तो नाही मिळणार.
मी नियम जाणणारा माणूस.
म्हटलं, घे.

कुमुदनं तिला अकरा दिवस पाहिलं.
हातांत जोर नव्हता,
म्हणून मांडीवर उशी आणि उशीवर बाळ.
"आमचं तळपद्यांचं नाक गं," एवढं म्हणाली,
आणि खरंच आहे ते, बसकं, शेंड्याशी जरा डावीकडे.
नाकाला रकाना नसतो.
माझ्या रजिस्टरातही नव्हता.

आता कसलंसं कार्ड काढू म्हणते केतकी.
त्यावर जन्मभर येता येतं.
येता येतं, हो.

"भेटीचा उद्देश?" पोरगा विचारतो.
पर्यटन, व्यवसाय, परिषद, इतर.
इतर टाक.
"परतीची तारीख?"
कोरी ठेव, मागून भरू.
लाल अक्षरं आली. रकाना सक्तीचा आहे, काका.
मग एकवीस जानेवारी.
बोलताना माझी बोटं टेबलाच्या डाव्या कडेवर होती,
तिथे समास असायचा.

अबोली ओलीचिंब येते.
नाव अबोली, आणि तोंड क्षणभर मिटत नाही,
अर्धं तिकडचं, अर्धं आमचं,
"चमचा इज स्लीपिंग, आजोबा."
मी तिला माहीमचा हलवा देतो.
तो पातळ चौकोन ती उजेडात धरते, चाटते,
कागद कुठला आणि हलवा कुठला, तिला लवकर कळत नाही.
मग चिकट कागद नीट दुमडून
खिडकीआडच्या बाईसारखी गंभीर होऊन
माझ्या हातात देते.
"ठेव."

पोरगा विचारतो, सबमिट करू?
थांब जरा, म्हटलं,
हात पुसू दे.