कशाने घासता?

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम लागला की
दवाखान्यात लोक दोन-दोन कारणांनी रडत येतात.
नाव, वय, गाव, कुठली दाढ,
एवढंच लिहायचे मी वहीत.
पोळा झाला आणि गिरासे मॅडमनी
पट्टीनं आखून एक रकाना वाढवला:
कशाने घासता?

लोक आधी हसतात. मग लाजतात,
जणू कुणी नवऱ्याचं नाव घ्यायला लावलंय.

निंबा आप्पा, चिमठाणे, वय एकाहत्तर.
"नाव निंबा, काडीबी निंबनीच."
एकोणतीस दात जागेवर.
मॅडमनी आरसा आत धरला, बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, लिही, काडी.
आणि खाली लिही,
चहा बिनसाखरेचा, चाळीस वर्षं.

त्यांचीच नात, वय सहा.
पेस्ट महागाची, खोक्यावर हसरा ससा.
दुधाच्या पाच दाढा पोखरलेल्या.
पेस्ट सकाळी.
बिस्कीट रात्री, अंथरुणात.

मी म्हटलं, मॅडम, यातून काही कळत नाही.
त्या म्हणाल्या, एका माणसावरून कधीच कळत नसतं.
भरू दे पानं.

भरली.
राखुंडीवाल्यांचे दात पांढरे, पण हिरडीपाशी खाच,
विहिरीच्या काठाला दोर घासून पडते तशी.
लाल पूड गोड लागते म्हणून
वीटभट्टीवरची पोरं ती नुसतीच चाटतात.
निळ्या पाण्याची बाटली लग्न ठरलेल्यांकडे.
वास जातो, कीड घरीच असते.

पेस्टसाठी मॅडमनी मला भिंग दिलं.
समोर मोठ्या अक्षरांत लवंग, तुळस, मीठ, कोळसा.
पाठीवर, किमतीच्याही खाली,
मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत
एक शब्द शोधायचा: फ्लोराइड.
काही ट्यूबांवर तो नव्हताच.
काम करणारं माणूस मागे, बारीक अक्षरात.
आमच्या घरीही असंच आहे.

मार्चअखेर बेरीज केली. चारशे बारा माणसं.
ज्यांच्या ट्यूबवर तो शब्द होता
आणि जी रात्रीही घासत होती,
त्यांच्यात खड्डे कमी.
फार नाही,
बेरजेत दिसावेत इतके कमी.
"रातले कोन घासस वं माय?"
असं मलाच उलट विचारणारे तीनशे चार.

मला वाटलं मॅडम खूश होतील.
त्या म्हणाल्या, ही सगळी दुखलं म्हणून आलेली माणसं.
ज्यांचं दुखत नाही
ती या वहीत कुठायत?

त्या रात्री मी वही घरी नेली.
पहिल्या पानावरची पहिली ओळ माझी,
हात बसावा म्हणून लिहिलेली.
कोकिळा बागुल, अडतीस, दोंडाईचा, पेस्ट.

पेस्ट असते घरात. पोरांची.
ट्यूब लाटण्यानं लाटतो,
मग कात्रीनं कापून आतून पुसून घेतो.
पण पहाटे मोरीच्या दाराआड
मी मिश्री लावते, चौदाव्या वर्षापासून.
तव्यावर तंबाखू काळी पडेस्तोवर भाजलेली.
डोकं हलकं होतं, काम उरकतं.
खाली डावीकडे एक भोक आहे.
जीभ दिवसातून शंभरदा तिथं जाऊन येते,
माहेरी जावं तशी.

पेनानं लिहिलेलं पुसता येत नाही.
एक रेघ ओढली.
शेजारी लिहिलं, मिश्री.
बेरीज एकानं बदलली.

सकाळी मॅडमनी वही उघडली,
पहिल्याच पानावर थांबल्या.
माझ्या नखांकडे त्यांनी पाहिलं नाही,
म्हणजे आधीच पाहिलेलं होतं.
खुर्चीकडे हात केला.
"बस. आ कर."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
मी त्या दिव्याखालून वर पाहिलं.
पंख्याच्या पात्यांवर लाल थर होता
मिरचीच्या धुळीचा,
आणि पुसायचं काम माझंच होतं.