गंजाची घट

अवधानच्या वळणावर, ट्रकांच्या चेसिसमागं
माझा काटा टांगलेला.
लोखंड सत्तावीस, बीड चोवीस, पत्रा त्याहून खाली,
गंज असेल तर शेकडा चार घट.
एवढंच माझं शास्त्र.

उखर्डू मिस्तरी येतो ऊन चढायच्या आत.
कमानपाटे उलटेसुलटे करतो,
टिचकी मारतो, कान लावतो
मडकं घेताना बायका लावतात तसा.
"ह्यामा आवाज शे," म्हणत बाजूला ठेवतो,
बाकीचं परत ढिगात.
मी म्हणतो, मिस्तरी, लोखंड आहे, खरबूज नाही.
त्याला ऐकू जात नाही.
बेचाळीस वर्षं ट्रकांच्या बॉड्या ठोकून
एक कान तसाही गेलेला.

त्याच्या शेडमागं आधी बगळा झाला,
सायलेन्सरच्या नळीची मान, चमच्यांची पिसं.
मग म्हैस, डिझेलच्या टाकीचं पोट;
गल्लीतली पोरं तिच्यावर बसून
बसल्याजागी पांझरेपार जाऊन आली.
कॉलेजातून कुणी येऊन फोटो काढले, कला म्हणाले.
त्यानं डोळ्यांवर काच ओढली
आणि ठिणग्या पाडत राहिला.

या उन्हाळ्यात मात्र बारीक तुकडे मागू लागला.
सायकलची चेन. बेअरिंगचे छर्रे.
कुलपं हरवलेल्या किल्ल्या, मूठभर.
दिवसा लोखंड हातात धरवत नाही म्हणून काम रात्री.
बाहेर खाटांवर निजलेल्यांच्या
मिटल्या पापण्यांवर निळा उजेड फडफडायचा.

एका पहाटे उधारी मागायला गेलो
तर ओट्यावर तिघं.
गुडघ्याएवढी.
एक बसलेलं, एक पालथं,
एक नुसतंच उताणं, मुठी मिटून.
तोंडं केलेली नव्हती.
नातवंडं का, विचारलं.
"नही रे साबीर. मन्हाथून मोठा शेतस या."

मग सांगितलं, हिशोब सांगावा तसं कोरडं:
मायची आधीची तीन जगली नाहीत.
म्हणून चौथ्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीनं उचललं,
पायलीभर बाजरी देऊन मायनं परत विकत घेतलं.
नाव पडलं उखर्डू,
म्हणजे मरणानं वरून पाहिलं तरी
म्हणावं, जाऊ दे, कचरा आहे.
"मी भंगारना भावमा वाचनू," हसला.
आणि बऱ्याच वेळानं,
"त्यासले नाव बी नही मियनं."

पालथ्याच्या पाठीत एक दातेरी चाक होतं.
दोन दात तुटलेले.
अब्बांनी माग बंद केला त्या आठवड्यात
मीच ते माझ्या काट्यावर टाकलं होतं,
अब्बा समोर उभे असताना,
आणि सवयीनं घट धरली होती शेकडा चार.
मी काही बोललो नाही.
हात लावला. अजून कोमट होतं.

रंग तरी दे, म्हटलं, लाल ऑक्साइडचा एक हात,
नाहीतर दोन पावसाळ्यांत खाऊन जातील.
त्यानं सुपारी कातरली.
एक खांड मला दिलं.
"गंज चढू दे.
गंज चढना का लोखंडनं वजन जरासं वाढस.
तेवढं तरी वाढतीन."

दुपारी एक फेरीवाला आला.
कुकरची झाकणं, पंख्याचं पातं,
आणि तळाशी एक तिचाकी सायकल,
सीटवर बदकाचं चित्र, अर्धं.
तोललं सगळं.
घटीच्या रकान्यावर पेन टेकलं, तसंच राहिलं.
पूर्ण भाव दिला त्याला. तो संशयानं पाहत गेला.

तिचाकी आत आणली.
टिचकी मारली, कान लावला.
मला काहीच ऐकू आलं नाही.
शटर अर्धं ओढलं, रस्त्याचा आवाज कमी केला
आणि पुन्हा मारली.