चौथा फोल्डर

पुंता अरेनासला वारा सुटला
की चौकात दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
योवांका असल्या दिवशी बाहेर पडत नाही.
पत्र्याच्या छपराखाली, शेगडीला पाठ लावून
ती पाणकावळे रंगवते, शाळेच्या पुस्तकांसाठी,
नगाला ठरलेल्या दराने.

कॉम्प्युटर एकच. टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली घडी घातलेलं बोटीचं जुनं वेळापत्रक.
आणि त्या एका कॉम्प्युटरवर
चित्रं काढायचं एकच सॉफ्टवेअर, तीनदा.

जुनं, पुस्तकांसाठी. प्रकाशकाने बजावलंय,
मालिका संपेपर्यंत व्हर्जन बदलायचं नाही.
नवं, मुलीचं, रोज रात्री अपडेट होणारं
आणि रोज सकाळी कुठेतरी मोडणारं.
मिलेंका हसते. तिला मोडलेलं आवडतं.
तिसरं त्या जुन्याहूनही जुनं, कुणी विचारत नाही असं.
ते दानिलोचं.

आपल्याकडे याला चूल वेगळी करणं म्हणतात.
छप्पर एक, दार एक,
फोडणीचा वास ज्याचा त्याचा.

सुरुवातीला योवांकालाही वाटलं,
वेगळे फोल्डर केले की झाल्या वेगळ्या चुली.
झिप उघडली, नावं दिली, मोकळी झाली.
पण मिठाचं भांडं सगळ्यांचं एकच होतं,
कॉम्प्युटरच्या पोटात, न दिसणाऱ्या कप्प्यात.
मिलेंकाच्या नव्याने त्यात हात घातला
आणि दुसऱ्या दिवशी पाणकावळ्याच्या मानेवर
ब्रश असा फिरला,
जणू कुणी दुसऱ्याच्या हाताने जेवतंय.

ती ओरडली नाही. चहा ओतला.
तीन रात्री शोधत बसली,
तेव्हा कुठे एक ओळ सापडली,
शॉर्टकटच्या शेपटीला जोडायची :
तुझा मीठमसाला इथे आहे, इथेच बघ,
दुसरीकडे जाऊ नकोस.

नशीब, दानिलोचं तोवर पेन ड्राइव्हवरच होतं,
बोटीवरून त्याचं सामान आलं तेव्हापासून.

ते उघडलं तेव्हा जुलै होता,
साडेपाचलाच अंधार.
ब्रशची नावं त्याच्या बोलण्यासारखीच तिरकी :
ओला मंगळवार. मावशीची शाल. इंजिन रूम, नको.
शेवटचा वापरलेला ब्रश अजून निवडलेलाच,
जाडी चौदा,
आणि रंगाच्या चौकटीत एक राखाडी,
सामुद्रधुनीचा नव्हे, आभाळाचा नव्हे,
त्यानेच कधीतरी कालवलेला.

तिने पेन टेकवलं नाही.
हे सॉफ्टवेअर फार इमानी,
तुम्ही दुसरा रंग घेतलात
की तोच शेवटचा म्हणून लक्षात ठेवतं.

सप्टेंबरात मिलेंकाने विचारलं,
मामाचा ओला मंगळवार मिळेल का,
एक लाट अडलीये.
योवांका आधी नाही म्हणाली. भांडी घासली.
मग ओल्या हातानेच येऊन
अख्खा फोल्डर कॉपी केला, शेजारी पेस्ट.
सात मिनिटं लागली.
हिरवी पट्टी सरकताना दोघी बघत होत्या,
गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशा.

चौथा शॉर्टकट, चौथी ओळ.
नाव काय देऊ? मिलेंकाने विचारलं.
दानिलो दोन, हे काही योवांकाला म्हणवेना.
शेवटी नुसतं लिहिलं : वापरायचा.

त्यात लाट झाली. बरी झाली.
ब्रश जरा अडखळतो,
पेन सावकाश उचलावं लागतं.
राखाडी गेला, तिथे मिलेंकाचा निळा आला,
मग हिरवा, मग कसला तरी भोपळी.
शेजारच्या फोल्डरला त्यातलं काही कळलं नाही.

संध्याकाळी वारा पडला.
चौकात माणसं दोर सोडवत होती.
योवांकाने प्रकाशकाचं व्हर्जन उघडलं.
अकरा पाणकावळे बाकी, उद्या द्यायचेत.