तिसापर्यंत

उमेओत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवस मिटतो.
तळघरात त्याचं कुणाला काही नाही.
तिथली रात्र आम्ही ठरवतो, उंदरांच्या हिशेबाने,
उलटी, तांबड्या दिव्यातली.

मी इल्वा. माझं काम हातांचं.
शेपटीच्या मुळाशी धरायचं, तोलायचं,
फिरत्या दांड्यावर सोडायचं
आणि बघायचं, किती वेळ टिकतो.
कानातल्या भोकांवरून नंबर कळतो.
नाव द्यायचं नाही असा नियम नाही,
तरी कुणी देत नाही.
नावं ठेवतात ती बाहेरची माणसं, आम्हाला.

एक्केचाळीस नंबर: सव्वीस ग्रॅम.
गेल्या सोमवारी सत्तावीस.
आधी आजार आम्हीच घातला त्याच्यात, माणसाचा,
आणि आता औषध पाजतो.
हे मी जेवणाच्या टेबलावर कधी म्हणत नाही.

बाटल्या दोन. एकीवर निळी पट्टी, एकीवर पिवळी.
एकीत औषध, एकीत नुसतं साखरेचं पाणी,
कुठलं कशात ते लिंडाल बाईंच्या कपाटात, पाकिटात, बंद.
पिवळीवर जीव जडू द्यायचा नाही
असं मी रोज ठरवते
आणि पिवळीवाल्यांना दांड्यावर अलगद ठेवते.

मागचे पाय आधी जातात.
मग खाणं ओलं करून खाली भुशात ठेवायचं,
पाण्याला लांब नळी लावायची.
ओढत नेलेल्या पायांच्या मागे
भुशात दोन रेघा राहतात, समांतर,
जशा हाल्वारच्या मागे राहायच्या बर्फात,
आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना
त्याने स्की शिकवली तेव्हा.

आणि शेवटी कुशीवर ठेवायचं.
तीस सेकंदांत पालथा झाला, पायांवर आला,
तर अजून एक दिवस.
नाही आला, तर पुढचं त्याला भोगू द्यायचं नाही.
आमची दया अशी, आकड्यात लिहिलेली.
मी ओठांतल्या ओठांत मोजते.
घड्याळ समोर असतं,
तरी कधी कधी फार सावकाश मोजते.

पाकीट उघडलं.
पिवळीत साखरेचं पाणी होतं.
निळीवाले नऊ दिवस जास्त जगले, त्याही फक्त माद्या.
लिंडाल बाई म्हणाल्या, पुन्हा करू, जास्त पिंजरे घेऊन.
कुणी केक आणला नव्हता. कुणी रडलंही नाही.

शनिवारी हाल्वारकडे झोपायला गेले,
गुड्रुनला एक रात्र तरी सलग मिळावी म्हणून.
त्याची जीभ आता जड आहे,
शब्द ओल्या लाकडासारखे, धूर जास्त.
त्याने विचारलं, तुझे उंदीर काय म्हणतात?
मी म्हटलं, नऊ दिवस.
तो बराच वेळ हसला, मग खोकला,
मग विचारलं, उंदराचे की माझे?
मला गुणाकार येतो. केला नाही.

रात्री दोनला घंटी वाजली.
कूस बदलायची होती.
अंधारात चपला सापडेनात, दाराला खांदा लागला,
तशीच अनवाणी गेले
आणि त्याच्या पाठीखाली हात घातला.

"एकोणीस," हाल्वार म्हणाला.

मी त्याला कधी सांगितलं होतं ते, आठवत नाही.