एक घुंगरू कमी

रुमशा पावरा आला तेव्हा बाप
पाटावर मेणाच्या दोऱ्या वळत होता,
तळव्याखाली, सुतळीहून बारीक,
बोलत नव्हता.
बोललं की दोरी कुठंतरी जाड होते.

रुमशाने कमरेचा पट्टा सोडला.
अठरा म्हणाला. मी मोजली, सतरा.
मधे नुसती वादी,
घासून घासून खळगा पडलेली.

"पडलं कुठं?"
"पडनं नही. राही गयं."
टाका उसवला म्हणून कोनाड्यात ठेवलेलं.
मग ट्रक आला, भांडी, कोंबड्या, म्हातारी,
आणि कोनाडा आता बुडितात.
वर धरणाचं पाणी, त्यावर नाव चालते.

"कसं वाजे ते?"
रुमशाने पट्टा पुन्हा बांधला
आणि तळोद्याच्या भर दुपारी, ओतारगल्लीत,
दोन उड्या मारल्या. तिसरीला थांबला.
"इथं."
बापाने मान हलवली.
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मेण त्यानेच आणलेलं, पळसाच्या पानात,
आग्या मोहोळाचं, दोन मेल्या माश्यांसकट.
वारुळाची माती, शेण, साळीचा कोंडा,
त्याचा बोराएवढा गाभा, पोटात खडा,
वर दोरीचे वेढे, वर पुन्हा माती.
भट्टीत मेण निघून जातं.
थोडं थेंबाने, बाकीचं धुराने.
राहते ती त्याची जागा.
तिच्यात ओतायचं पितळ:
कुणाचा चेपलेला तांब्या, नळाची तोटी,
विहिरीवरच्या पंपाची झडप.
मी भाता मारत होते, बापाचा चिमटा
मुशीशी किणकिणत होता. हल्ली किणकिणतो.

पहिल्यात हवा धरली.
दुसरं अख्खं निघालं, पण मुकं,
खडा गाभ्याला चिकटलेला.
तिसऱ्याच्या कडेला बारीक रेघ,
माशीचा पाय असावा.
बापाने कानस उचलली,
रुमशाने त्याचं मनगट धरलं.
"राहू दे."

कानाशी नेऊन बराच वेळ हलवलं.
"हे ते नाही."
"नाहीच. साचा फोडावाच लागतो, भाऊ."
तो पट्ट्याकडे बघत राहिला, सतरांकडे.
मग म्हणाला, "नाचीसन शिकी जाई."

पैसे दिले. उरलेलं मेण ठेवून गेला.
मुकं घुंगरू मात्र मागून घेतलं.
होळीआधी नावेने जाणार होता म्हणे,
घरावरून.

बापाने फुटके साचे टोपलीत भरले,
वर पाणी ओतलं.
माती भिजायला रात्र लागते.