चौथा रकाना

रेड लायन, पेनसिल्व्हानिया. अग्निशमन दलाचा हॉल.
काचेखाली सिगारच्या कागदी पट्ट्या,
बोटात मावेल एवढी एकेक राजेशाही.
दहापैकी गुण द्यायचे: रंग, सोनेरी उठाव, अक्षर,
आणि चौथा रकाना, ‘मोह’.
मी जन्मात सिगार ओढलेली नाही.
छापखान्यात तीस वर्षं काढली, म्हणून बोलावलं.

पहिल्या पट्टीवरचा सिंह
आंघोळीला धरून आणलेल्या कुत्र्यासारखा. चार.
दुसरीवर पदकंच पदकं,
होते नव्हते ते सगळे दागिने घालून आलेली विहीणबाई. पाच.
सातवीवर राणी:
ओठांचा लाल रंग ओठांबाहेर,
मुकुट डोक्यापासून केसभर लांब.
रजिस्टर हललंय, मी लिहिलं. रंगाला तीन.

“त्या दिवशी मशीनवर माझी आई होती,”
पट्टीचा मालक, ऑर्विल स्टाउफर, म्हणाला.
“मला गोवर निघालेला. घरी एकटाच होतो.”
तक्रार नव्हती.
उद्या बर्फ पडेल म्हणावं, तसं.

तीनचे चार मी केले नाहीत.
हललं ते हललंच.

फक्त चौथा रकाना कोरा राहिला होता
आणि एकेक दिवा मालवत आलेला माणूस
माझ्या टेबलाशी थांबला,
खिशातल्या किल्ल्या वाजवत.